पाणी सुटेपर्यंत निम्मं

पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत बावीस पावलं होती. तेवढं अंतर कापायला मालकाला त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले.

आधी त्याने चपलेचा अंगठा शिवला. मग पिंपात पाणी किती उरलंय ते माहीत असूनही झाकण उघडून बघितलं. मग पायरीवर बसून उजव्या हाताची नखं काढायला घेतली. डाव्या हातात कात्री धरता येत नाही हे सहा वर्षांत त्याला पाठ व्हायला हवं होतं, पण भाडं मागायला जायचं असलं की माणूस कशालाही हात घालतो.

"जाताय, का मी जाऊ?" आतून मालकिणीने विचारलं. ती भिंतीला पाठ टेकून पोती शिवत होती. दाभण पोत्यात शिरायचं, सुतळी सरसरत ओढली जायची, आणि मान वर न करताच नवरा कुठे बसलाय ते तिला कळायचं.

"निघालोच की."

"मघाशी पण निघाला होतात."

गावात त्याला सगळे मालक म्हणत. घरामागे दोन खोल्या आणि त्यात एक भाडेकरू, एवढीच त्याची मालकी. लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर काम करताना डाव्या हाताची अडीच बोटं गेली, त्याची भरपाई मिळाली आणि त्या पैशांतून ह्या खोल्या उभ्या राहिल्या. अडीच गेली, अडीच राहिली. दुकानापुढचे रिकामटेकडे म्हणायचे, मालकाचं बरं आहे, बोटं पेरली आणि खोल्या उगवल्या. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. मालक म्हणण्यात मान किती आणि थट्टा किती, हे त्याने कधी उकरून बघितलं नाही.

मागच्या ओट्यावर त्याचा भाडेकरू उकिडवा बसून एक ढिली वीट काढत होता. भाडेकरू म्हणजे गवंडी, त्याची बायको आणि त्यांची पाच वर्षांची पोरगी. गवंड्याच्या हाताला चार महिने काम नव्हतं. दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलेलं, तलावाचा तळ उघडा पडलेला, आणि वरून हुकूम आला होता की बांधकामाला पाणी वापरायचं नाही. पाण्यावाचून सिमेंट म्हणजे नुसती राख. गावात अर्ध्या भिंती जिथल्या तिथे थांबल्या होत्या आणि त्या बांधणारे घरी बसले होते.

"या काका." गवंडी उठला. "ही वीट हलत होती. काकूंचा पाय मुरगळला असता."

"हो का?"

"आता नुसती ठोकून बसवतो. पाणी सुटलं की नीट पक्की करू."

मालकाच्या जिभेवर घोकून आणलेलं वाक्य होतं: बाबा रे, चार महिने झाले. पण तेवढ्यात गवंड्याने घरातून स्टूल आणलं, फडक्याने पुसलं आणि पुढे ठेवलं. माणूस आपल्यासाठी स्टूल पुसायला लागला की त्याच्याकडे पैसे मागायला जीभ उचलत नाही. मालक बसला.

"काय म्हणतात पाण्याचं?" त्याने विचारलं.

"म्हणतात, पाऊस पडला की देऊ."

"पाऊस पडल्यावर ह्यांच्याकडे मागतंय कोण!"

दोघेही हसले. हसल्यावर तर मागणं आणखीच अवघड होऊन बसलं. शेवटी गवंडीच खाली बघत म्हणाला, "काका, भाड्याचं जरा..."

"बघ बाबा. होईल तसं दे," असं म्हणून मालक उठला आणि बावीस पावलं परत आला.

"दिलं?" मालकिणीने विचारलं.

"ओट्याची वीट बसवून दिली."

तिने दाभण थांबवलं. "वीट," ती म्हणाली. "बरं झालं. संध्याकाळी तीच शिजत घालते."

तिचं काही चुकत नव्हतं. पोत्यांचे पैसे येत तसे मीठमिरचीत जात. बाकी घर चालायचं ते महिन्याच्या दीड हजार भाड्यावर. ते थांबलं तशी दुकानात उधारी वाढली, आणि गेल्या आठवड्यात दुकानदाराने रिकामी पिशवी तशीच परत केली होती. "काय मालक, तुमच्यासारख्या घरमालकानं उधार मागायचं म्हणजे!" असं चारचौघांत हसत हसत म्हणून. हसत केलेला अपमान फार वाईट. त्यावर चिडायचीही सोय नसते.

त्याच दिवशी, त्याच दुकानाबाहेर, वखारवाल्याने त्याला गाठलं होतं. स्कूटर बंद न करताच तो म्हणाला, "काय, हात कसा आहे?"

"आहे तेवढा बरा आहे."

"मग ये की परत. पंधरा दिवस करवत बंद पडलीय. पुढचा पळाला, त्याच्यामागं ओढणारा पण गेला. ओढणारा काय, कुणीही चालेल. पुढचा माणूस पाहिजे. फळ्यांची मोठी मागणी आलीय, पैसे वाढवून देतो."

मोठ्या करवतीला दोन माणसं लागतात. पुढचा ओंडका पात्याला लावतो आणि ढकलत नेतो. मागचा चिरून आलेलं लाकूड ओढून घेतो. मागच्याच्या हाती सगळं पार पडलेलं येतं. पुढच्याचे हात दिवसभर पात्याच्या दिशेने चाललेले असतात. म्हणून पुढच्याला पैसे दुप्पट, आणि म्हणून पुढचा मिळत नाही.

"बघतो," मालक म्हणाला.

"बघत बसू नको. तुला जमत नसेल तर ओळखीतला कुणी दे. तरणाताठा असला तर उत्तमच."

मालकाला ताज्या चिरलेल्या लाकडाचा वाससुद्धा नकोसा व्हायचा. सुताराच्या घरावरून जायचं टाळून तो लांबच्या रस्त्याने जायचा, हे त्याच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. त्यामुळे स्वतः जाण्याचा प्रश्न नव्हता. पण आपल्या मागच्या खोल्यांत एक तरणाताठा माणूस रिकामा बसलाय, हे त्याला तिथेच, स्कूटरच्या धुरात उभ्या उभ्या सुचलं होतं. सुचलं म्हणूनच तो घरी येऊन काही बोलला नाही. गवंड्यापाशीही नाही आणि बायकोपाशीही नाही.

विटेच्या दुसऱ्या दिवशी मालकीणच मागे गेली. तिला बावीस पावलं लागली नाहीत, पंधरातच पोचली.

गवंडीण नुकतीच कामावरून आली होती आणि तांब्याभर पाण्यात हात धूत होती. ती कोंबड्यांच्या शेडवर अंडी निवडायला जायची. आठ तास उभं राहून मोठी एकीकडे, बारकी एकीकडे, तडकलेली तिसरीकडे. हातून एखादं फुटलं की पगारातून कापायचे. बोटांचा वास कितीही धुतलं तरी जायचा नाही, आणि आता तर धुवायलाही तांब्याभरच पाणी.

"चार महिने झाले," मालकीण उभ्यानेच म्हणाली. "सहा हजार."

"माहीत आहे काकू."

"तुला माहीत आहे, मला माहीत आहे. दुकानदाराला कोण सांगणार?"

"निम्मं घ्या." गवंडिणीने हात झटकले. "साडेसातशे. पाणी सुटेपर्यंत निम्मं. यांचं काम लागलं की मागचं सगळं फेडू, एक पै ठेवणार नाही."

"आणि पाणी सुटलंच नाही तर?"

"मग गावच उठेल. तुम्ही कुणाकडे मागणार आणि आम्ही कुणाला देणार?"

बोलण्यात ती हार जाणारी नव्हती. मालकिणीला ते आवडलंही आणि त्याचा रागही आला. "हजार तरी दे," ती म्हणाली.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, काकू? कापाकापी होऊन अडीच हजार हातात पडतात. खाणारी तोंडं तीन. साडेसातशे म्हणतेय ते पण पोट आवळून."

"आमची पण दोन तोंडं आहेतच की. ती काय शिवून ठेवली नाहीत मी."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मग ऐक. शाळेतला शिपाई दोनदा विचारून गेलाय. दोन महिन्यांचं आगाऊ देतो म्हणतो. महिनाअखेरीला खोल्या खाली करा."

हे तिने ठरवून आणलं नव्हतं. शिपाई खरंच विचारून गेला होता, पण त्याचं नाव आज काढायचं असं तिच्या मनात नव्हतं. बोलून गेली आणि मग ते मागे घेता येईना. महिनाअखेरीला अकरा दिवस होते. काम नसलेल्या गवंड्याला ह्या गावात काय, पंचक्रोशीत कुणी खोली देणार नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं.

गवंडीण घरात गेली आणि जाड कापडाची एक पिशवी घेऊन आली. आत थापी होती, गिलावा घोटायचा गुरमाळा होता, हातोडा, आणि दोरा गुंडाळलेला ओळंबा. "हे ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली. "यांची हत्यारं आहेत. ह्याच्याशिवाय ते कुठं जाणार नाहीत. भाडं बुडवून पळालो असं तरी म्हणायला नको."

मालकिणीला नको म्हणायचं होतं. पण शब्द तोंडात यायच्या आत पिशवी हातात आली, आणि ती चांगली जड होती. दारात गवंडी उभा होता. त्याने बायकोकडे बघितलं नाही, मालकिणीकडे बघितलं नाही. मालकीण वळून जाईपर्यंत तो पिशवीकडेच बघत होता.

संध्याकाळी मालकाने ती घरात खुंटीवर लटकलेली बघितली. "ही कुणाची?"

"गहाण ठेवलीय त्यांनी."

"हत्यारं? अगं, हत्यारं घेतं का कुणी गहाण?"

"मग काय घेऊ? तुम्ही वीट घेऊन येता, मी हत्यारं घेऊन आले." आणि मग तिला एकदम रडू आलं. "मी काय मागितली होती का? तिनं हातात दिली. उभ्या जन्मात कुणाचं असं घेतलं नव्हतं मी."

सकाळी उठल्याबरोबर मालक पिशवी घेऊन मागे गेला. ह्या वेळी त्याला काही घोकावं लागलं नाही. गवंडीण ओट्यावर पोरीची वेणी घालत होती, गवंडी शेजारी बसला होता.

"ही घे," तो गवंड्याला म्हणाला. "काकू घाईत घेऊन आली. तिला रात्रभर झोप नाही."

गवंड्याने हात पुढे केला, पण त्याची बायको म्हणाली, "राहू द्या ती. काका, एक विचारू? वखारीत माणूस पाहिजे होता ना?"

मालकाच्या हातात पिशवी तशीच राहिली.

"वखारवाल्याची सून काल अंडी न्यायला आली होती, ती म्हणाली. आठ दिवस झाले म्हणे तुम्हाला विचारून. ओळखीतला कुणी दे, असं पण म्हणाले होते."

"हो. पण ते काम कसलं आहे ते..."

"काम आहे ना?" तिने वेणी अर्धी सोडून दिली. "तुम्ही इथं येता, स्टुलावर बसता, यांना विटा ठोकत बसलेलं बघता आणि तोंडातून अक्षर काढत नाही. आणि वर आम्हालाच खाली करायला सांगता. शिपायालाच द्यायच्या होत्या खोल्या तर सरळ सांगायचं होतं."

"तसं नाही गं." त्याने डावा हात वर केला.

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमची बोटं गेली, त्याच्या दोन खोल्या तरी झाल्या. आमची दहाच्या दहा शाबूत आहेत. त्यांचं काय करू, सांगा?"

बोलून गेल्यावर तिलाच ते लागलं. तिने मान फिरवली आणि पोरीचे केस पुन्हा हातात घेतले. पोरगी कुरकुरली, केस ओढले गेले म्हणून.

मालकाला राग यायला हवा होता, पण आला नाही. लाज वाटली. आपण एका माणसाचे हात वाचवतोय असं आठ दिवस तो मनाशी धरून बसला होता, आणि ह्यांच्या लेखी त्याने तोंडचा घास लपवून ठेवला होता. कोण खरं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मी येतो काका," गवंडी म्हणाला. "तुम्ही फक्त नेऊन उभं करा."

पिशवी ओट्यावरच ठेवून तो घरी आला आणि त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाठवा त्याला."

"तुला माहीत आहे ते काय काम आहे."

"मला नाही तर कुणाला? सहा महिने तुमच्या सदऱ्याची बटणं मी लावली. पण वीस वर्षं तुमचीही बोटं होतीच की. सगळ्यांचीच जातात असं कुठं आहे?"

"गेली तेव्हा एका झटक्यात गेली."

"मग तुम्ही जाता का?"

त्याने खुंटीवरचा सदरा काढला आणि पुन्हा तिथेच अडकवला.

"नाही ना? मग जाऊ दे त्याला. तो जगेल, आपण जगू." हे बोलताना ती कठोर दिसत होती, पण ती नुसती दमलेली होती. दमलेलं माणूस लांबून कठोरच दिसतं.

सोमवारी वखारीच्या भोंग्याच्या आधी दोघे निघाले. वाटेत मालकाने गवंड्याला शिकवायला घेतलं. "बाह्या कोपराच्या वर. मनगटाला दोराबिरा काही नको. लाकडात गाठ आली की आवाज बदलतो, तेव्हा जोर करायचा नाही, थांबायचं. शेवटचा हातभर राहिला की हात बाजूला आणि काठीनं ढकलायचं. नजर लाकडावर."

"तुमची कुठं होती तेव्हा?"

"लाकडावरच होती."



पत्र्याच्या शेडमध्ये सगळं तसंच होतं. लोखंडी टेबल, टेबलाच्या खाचेतून छातीपर्यंत वर आलेलं गोल पातं, मागे भुशाचा ढीग. ओंडक्यांचा वास नाकात शिरला आणि मालकाच्या पाठीला घाम सुटला. वखारवाल्याने गवंड्याचे दंड बघितले, पाठ बघितली, बाजारात ओंडका बघावा तशी. "चालेल," तो म्हणाला. "आज मागं तू उभा राहा, मालक. शिकव त्याला."

मागे उभं राहायला मालकाची तयारी होती. खटका दाबला, पट्टा फिरायला लागला, करवतीचा आवाज चढत चढत एका पट्टीत येऊन थांबला. गवंड्याने पहिला ओंडका लावला. हात स्थिर, जोर बेताचा. मालकाच्या हाती पहिली फळी सरळ आली. दुसरी आली. माणसाला काम येत होतं. मालकाचा श्वास जरा मोकळा झाला, आणि आपण उगाच आठ दिवस वाया घालवले असं त्याला वाटलं.

तिसऱ्या फळीच्या वेळी गवंड्याचा उजवा हात लाकडावरून उठला आणि चिरून निघालेल्या पांढऱ्या अंगावर तळवा टेकला. अलगद, सपाट, पुढे सरकत. गिलावा झाला की गवंडी डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही, तळवा फिरवून बघतो. कुठे उंचवटा राहिला, कुठे खोल गेलं, ते तळव्याला कळतं. भिंतीच्या टोकापर्यंत हात असाच जातो. इथे टोकाला पातं होतं.

मालक ओरडला, पण करवतीत ते कुणाला ऐकू जाणार. त्याने हातातली फळी टाकली, टेबलाला वळसा घालून गवंड्याच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला आणि खटका पाडून करवत बंद केली.

"काय झालं?" गवंडी भिंतीवर आदळून उभा होता.

"हात फिरवलास!"

"मी? नाही काका."

तो खोटं बोलत नव्हता. हात फिरवल्याचं त्याला माहीतच नव्हतं, आणि मालकाला भीती वाटली ती त्याचीच. त्याने पुन्हा समजावलं, आणि गवंड्याने शपथ घ्यावी तशी मान डोलावली. करवत सुरू झाली. पाचव्या फळीला तळवा पुन्हा टेकला. ह्या वेळी मालकाचं लक्ष तिथेच होतं, म्हणून खटका वेळेवर पडला. माणूस जाणूनबुजून काही करत असेल तर त्याला नको म्हणता येतं. हात आपल्या आपण करतो ते कुणी कुणाला कसं सोडवायचं?

"काय लावलंय?" वखारवाला ऑफिसातून ओरडला. "चालू करताय का नाही?"

मालक शेडच्या मागे गेला. भुशाच्या ढिगाजवळ वाकला आणि सकाळचा चहा ओकून टाकला. बाहीने तोंड पुसलं आणि थोडा वेळ गुडघ्यांवर हात ठेवून तसाच उभा राहिला. घरी जावं असं त्याला फार वाटलं. गवंड्याला घेऊन घरी जायचं, महिनाअखेरीला त्यांचं सामान हातगाडीवर चढवायला मदत करायची, शिपायाचे दोन महिन्यांचे पैसे दुकानात भरायचे. कुणी त्याला नावं ठेवली नसती. मग तो आत आला, डावी बाही दातांत धरून कोपराच्या वर सारली आणि गवंड्याला म्हणाला, "तू मागं जा."

"काका, तुम्ही..."

"मागं. नुसतं ओढायचं. तिथं काय हात फिरवायचा तो फिरव."

त्याने ओंडक्यावर डावा हात ठेवला. अडीच बोटं थरथरत होती. दाबून धरली तरी थरथरत होती. खटका दाबला, लाकूड पात्याला लागलं, आणि लाकडाचीच थरथर इतकी मोठी होती की त्यात त्याची कुणाला दिसली नाही.

संध्याकाळी दोघे शेतातल्या वाटेने परत येत होते. मग गवंडी म्हणाला, "काका, भाड्याचं..."

"तुझी बायको काय म्हणाली होती?"

"पाणी सुटेपर्यंत निम्मं."

"मग निम्मं. दर शनिवारी पगार झाला की थोडं थोडं दे."

"आणि मागचं?"

"मागचं पाणी सुटल्यावर."

चार महिने दारात उभं राहून जे ठरलं नव्हतं ते रस्त्याने जाता जाता ठरलं. घासाघीस करायला दोघांच्याही अंगात काही उरलं नव्हतं.

मालकीण दारातच होती. "कामाला लागला का तो?" असं विचारता विचारता ती थांबली. नवऱ्याच्या भुवयांत भुसा होता, कानांत होता, मानेच्या घामावर चिकटून बसला होता. ओढणाऱ्याच्या अंगावर इतका उडत नाही. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती रोज संध्याकाळी तो झटकत आली होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"तो हात फिरवतो," मालक पायरीवर बसत म्हणाला. "त्याला कळत पण नाही."

"फिरवू दे! तुम्ही का..." तिने त्याचे दोन्ही हात ओढून घेतले, उलटेसुलटे करून बघितले. "मला नको ते भाडं. आत्ता जाऊन सांगते त्यांना, फुकट राहा म्हणते. तुम्ही उद्या जायचं नाही."

"आणि दुकानात काय सांगणार?"

तिने त्याचे हात सोडले.

"तो मागं आहे म्हणून मला पुढं उभं राहता येतं," मालक म्हणाला. "दुसरा कुणी लाकूड ओढताना हिसडा देईल. हा नाही देत. त्याचा हात हलका आहे." मग खांदा चोळत तो म्हणाला, "पाणी तापव. थोडंच. खांदे गेलेत."

मंगळवार गेला, बुधवार गेला. वखार घरापासून तीन शेतं टाकून होती आणि वारा इकडचा असला की करवतीचा आवाज दारापर्यंत यायचा. मालकीण पोती शिवता शिवता तो ऐकायची. लाकडात पातं शिरलं की आवाज जाड व्हायचा, बाहेर आलं की बारीक. एका पोत्याला चार वेळा जाड, चार वेळा बारीक. टाके वाकडे पडायला लागले होते, पण तिने उसवले नाहीत.

गुरुवारी साडेदहाच्या सुमाराला आवाज जाड झाला आणि तिथेच तुटला.

तिने थोडा वेळ वाट बघितली. मग दाभण पोत्यातच ठेवून ती बाहेर आली आणि घराला वळसा घालून मागे गेली. गवंडिणीची त्या दिवशी दुपारपाळी होती. तीही ओट्यावर येऊन उभी होती, ओल्या हातांनी, वखारीकडे तोंड करून. हत्यारांच्या पिशवीनंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"लाइट गेली असेल," गवंडीण म्हणाली.

"हो. लाइटच गेली असेल."

"काल पण गेली होती."

"काल साडेअकराला गेली होती," मालकीण म्हणाली, आणि म्हणायला नको होतं असं तिला वाटलं.

वारा होता. झाडं हलत होती, कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, आणि त्यापलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. पोरगी दारात येऊन आईचं तोंड बघून परत आत गेली. मालकीण ओट्यावर बसली. गवंडीण तिच्या शेजारी बसली, इतकी जवळ की दोघींचे खांदे लागले.

लाइट गेलीय का नाही, ते बघायला फार काही करायचं नव्हतं. मागच्या खोलीत, दाराच्या आतच, दिव्याचं बटण होतं. चार पावलं गेलं आणि बटण दाबलं की कळलं असतं. दोघीही बटणाकडे पाठ करून बसून राहिल्या.